औषध देऊनही पिल्लं का दगावतात?

कोंबडीचं पिल्लू मलूल दिसलं की बहुतेक जण आधी औषध शोधतात. पाण्यात पुडी मिसळली जाते, भांडं पिल्लांसमोर ठेवलं जातं आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू मेलेलं सापडतं. मग औषध बनावट होतं, उशीर झाला किंवा रोगच जबर होता, असं म्हणून विषय संपतो. बऱ्याचदा खरं कारण वेगळंच असतं. औषध जंतूवर काम करतं आणि त्याचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस तरी जातात. तोपर्यंत पिल्लाला जगवून ठेवणं औषधाच्या हातात नसतं. ते काम ऊब आणि पाणी करतात, त्यांच्या पाठोपाठ अन्न. हा क्रम चुकला की चांगलं औषधसुद्धा वाया जातं.

सगळ्यात आधी ऊब

मोठ्या कोंबडीच्या शरीराचं तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअस असतं. पिल्लाला मात्र पहिले दोन-तीन आठवडे, पिसं फुटेपर्यंत, स्वतःची ऊब टिकवता येत नाही. वाटीतला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, तसंच 40 ग्रॅमचं पिल्लू मोठ्या पक्ष्यापेक्षा कितीतरी भराभर गार पडतं. त्यात ते आजारी असेल तर खात नाही, आणि खात नाही म्हणजे ऊब तयार करायला अंगात काही उरत नाही.

गार पडलेल्या पिल्लाचं आतडंही मंदावतं. गळ्याखाली अन्न साठवणारी जी पिशवी असते, तिला क्रॉप म्हणतात. पिल्लू गार असताना काही भरवलं तर ते क्रॉपमध्येच पडून राहतं आणि आंबतं. म्हणून गार पिल्लाला आधी काहीही भरवायचं नाही. पाय बोटांत धरून पाहावेत. गार लागले तर आधी अर्धा-पाऊण तास ऊब द्यायची, मग पाण्याचा विचार करायचा.

निरोगी पिल्लांना पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश लागतात आणि पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करत न्यायचं असतं. आजारी पिल्लू मात्र वयाने लहान समजावं. तीन आठवड्यांचं असलं तरी त्याला पुन्हा 32 अंशांच्या आसपास ठेवावं. त्यासाठी वेगळं खोकं लागतं. खोक्याच्या एका टोकाला बल्ब किंवा हीटर असावा, दुसरं टोक थोडं गार राहू द्यावं. गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा हवी. थर्मामीटर भिंतीवर उंच न टांगता पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, तळापासून साधारण 5 सेंटिमीटरवर ठेवावा. वर 35 अंश दाखवणाऱ्या खोक्यात खाली 28 असू शकतात.

आकड्यापेक्षा पिल्लू काय करतंय ते जास्त खरं सांगतं. बल्बखाली अंग आक्रसून सारखं चिवचिवत असेल तर त्याला थंडी वाजते आहे. बल्बपासून लांब जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरले असतील, तर उकडतंय. शांत पसरून झोपलं असेल तर ऊब बरोबर आहे.

खोक्यात खाली खरखरीत कापड किंवा जुना टॉवेल घालावा आणि रोज बदलावा. गुळगुळीत वर्तमानपत्रावर अशक्त पिल्लाचे पाय फाकतात आणि नवंच दुखणं मागे लागतं. बल्ब दोन ठिकाणी बांधून पक्का करावा, नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवू नये. पडलेल्या बल्बने भुसा पेटतो आणि त्यात सगळीच पिल्लं जातात.

पाणी पाजताना होणारी चूक

पाणी कमी पडलेल्या पिल्लाचे पाय सुकलेले, सुरकुतलेले दिसतात, डोळे खोल जातात आणि मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत नाही. अशा पिल्लाला पाणी द्यायचंच असतं, पण घाईत चोच उघडून ड्रॉपरने घशात पाणी सोडलं जातं आणि तिथेच घात होतो. जिभेच्या अगदी मागे श्वासनलिकेचं तोंड असतं, एक छोटी उघडझाप करणारी फट. पाणी त्यात गेलं की पिल्लू तडफडतं आणि लगेच नाही तरी एक-दोन दिवसांत फुप्फुसाच्या त्रासाने मरतं.

पद्धत सोपी आहे, तिला फक्त सबुरी लागते. पिल्लू उभ्या स्थितीत तळहातात धरा. चोचीच्या कडेला, बाहेरूनच, कोमट पाण्याचा एक थेंब टेकवा. थेंब चोचीच्या फटीतून आपोआप आत ओढला जातो आणि पिल्लू मान वर करून गिळतं. गिळलेलं दिसल्यावरच पुढचा थेंब. 40 ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी 1 मिलिलिटरपेक्षा जास्त देऊ नये. दर एक-दोन तासांनी थोडं थोडं द्यावं. जे पिल्लू गिळतच नाही, मान टाकून पडलेलं आहे, त्याला तोंडातून काहीही देऊ नये. क्रॉपपर्यंत नळी घालून भरवता येतं, पण ते पशुवैद्यकाकडून प्रत्यक्ष हाताने शिकल्याशिवाय करू नये.

साध्या पाण्याऐवजी क्षार-साखरेचं पाणी दिलेलं चांगलं. एक लिटर पाण्यात पाव चहाचा चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा आणि पाऊण चमचा साखर. सगळे चमचे सपाट भरलेले, शीग न लावता. अंदाजाने मीठ वाढवू नये. लहान पिल्लाच्या मूत्रपिंडांना जास्त मीठ झेपत नाही आणि जगवण्यासाठी दिलेलं पाणीच विषासारखं काम करतं. हे पाणी एक-दोन दिवस पुरे, रोज ताजं करायचं, नंतर साधं पाणी. साखरही वाढवायची नाही. जुलाब होत असलेल्या पिल्लाला जास्त साखर दिली तर आतड्यात पाणी ओढलं जाऊन जुलाब वाढतात.

पिल्लू उबदार झालं, पाणी गिळू लागलं की मग अन्न. पिल्लांचं नेहमीचं स्टार्टर खाद्य कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशीसारखं करावं. त्यात उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक कुस्करला तर पिल्लं लवकर चोच मारतात. बोटाने खाद्यावर टकटक केलं तर आवाजाने पिल्लू वळून पाहतं; आई असंच चोचीने दाखवते. भिजवलेलं खाद्य दोन-तीन तासांत आंबू लागतं, म्हणून थोडंच करावं.

क्रॉप रोज दोनदा चाचपावी. संध्याकाळी ती भरलेली आणि मऊ लागायला हवी, सकाळी रिकामी. सकाळीही भरलेली असेल तर आतडं चालत नाही, भरवणं थांबवून ऊब पुन्हा तपासावी. याहून भरवशाचं एकच माप आहे, वजन. ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर रोज एकाच वेळी पिल्लू तोलावं. वाढत्या वयाच्या पिल्लाचं वजन नुसतं स्थिर राहिलं तरी ते मागे पडतंय असं समजावं.

रोग ओळखायला वय फार उपयोगी पडतं

सगळ्या आजारी पिल्लांची लक्षणं वरवर सारखीच दिसतात. पंख पाडलेले, पिसं फुलवलेली, डोळे मिटलेले. पण कोणत्या वयात काय होतं हे ठाऊक असलं तर निम्मा उलगडा होतो.

पहिल्या आठवड्यात बहुतेक मरतुक थंडीची, पाणी न मिळाल्याची किंवा बेंबीच्या संसर्गाची असते. अंड्यातलं उरलेलं पिवळं बलक पिल्लाच्या पोटात असतं आणि त्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं. बेंबी नीट बंद झालेली नसेल तर जंतू त्याच बलकात वाढतात. पोट फुगलेलं, बेंबी ओली, काळसर, दुर्गंधी येणारी. अशी पिल्लं औषधाने फार क्वचित वाचतात. इथे उपाय उबवणीतल्या स्वच्छतेत आहे.

याच वयात गुदद्वारावर विष्ठा वाळून बूच बसतं. ते ओढून काढायचं नाही, खालची कातडी सोलते. कोमट पाण्याने भिजवलेला कापूस दोन-चार मिनिटं धरून ठेवावा, बूच सैल झाल्यावर हलकेच पुसावं, पिल्लू पूर्ण कोरडं करावं आणि तिथे पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवावं. काढण्याआधी एक खात्री करावी. गुदद्वार शेपटीच्या लगेच खाली असतं, बेंबी त्याच्याही खाली पोटावर. बेंबीची खपली म्हणजे बूच नव्हे. ती उपटली तर पिल्लू मरतं.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त संशय रक्ती हगवणीचा घ्यावा. याच वयात गंबोरो हा विषाणूचा आजारही येतो. पायाची बोटं आत वळली असतील आणि पिल्लू घोट्यांवर चालत असेल तर ते बहुधा बी-2 जीवनसत्त्वाच्या कमतरतेने असतं. लवकर लक्षात आलं तर सुधारतं. एक पाय पुढे आणि एक मागे पसरून पडलेलं, महिन्या-दोन महिन्यांचं पिल्लू असेल तर मरेक्स या विषाणूच्या आजाराची शंका येते आणि त्यावर औषध नाही. घरघर, शिंका, डोळ्यांत फेस अशी लक्षणं कुठल्याही वयात दिसतात. पण दिवसागणिक पटापट पिल्लं मरू लागली, माना वळू लागल्या, तोंडावर सूज आली तर घरी उपचार करत बसू नये. मानमोडी म्हणजे राणीखेत, किंवा बर्ड फ्लू असू शकतो. पक्ष्यांना हात लावणं थांबवून लगेच सरकारी पशुवैद्यकांना कळवावं.

रक्ती हगवण: औषध कुठे आणि कसं काम करतं

हा रोग आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. त्याची सूक्ष्म अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. बाहेर पडल्या पडल्या ती रोग पसरवू शकत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात, मग पिल्लू गादी, म्हणजे खाली पसरलेला भुसा, टोचताना ती गिळतं. आतड्याच्या पेशींमध्ये परजीवी वाढतो, पेशी फोडून बाहेर येतो आणि साधारण आठवडाभरात त्याच पिल्लाच्या विष्ठेतून हजारो नवी अंडी गादीत पडतात. म्हणजे पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली गादी हीच रोगाची खरी जागा. ती न बदलता नुसतं औषध पाजत राहणं म्हणजे पिल्लाला पुन्हा पुन्हा तोच रोग खायला घालणं.

विष्ठेत ताजं लाल रक्त दिसलं तर शंका पक्की होत जाते. पण दोन गोष्टींवरून उगाच घाबरायला होतं. आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन पिशव्यांतून अधूनमधून चॉकलेटी रंगाची, चिकट आणि फार वास येणारी विष्ठा पडते. ती निरोगी पिल्लाचीच असते. कधी आतड्याच्या अस्तराचा गुलाबी तुकडाही पडतो, एखाद-दुसरा दिसला तर काळजी नको. उलट, या रोगाच्या काही जातींमध्ये रक्त दिसतच नाही, पिल्लू फक्त सुकत जातं. त्यामुळे विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून घेणं हाच नेमका मार्ग.

यावर सर्रास वापरलं जाणारं औषध म्हणजे अँप्रोलियम. त्याचा रेणू बी-1 जीवनसत्त्वासारखा दिसतो. परजीवी त्याला बी-1 समजून आत घेतो आणि खऱ्या बी-1 वाचून उपाशी मरतो. एवढं समजलं की एक नेहमीचा प्रश्न आपोआप सुटतो: अशक्त पिल्लाला औषधाबरोबर व्हिटॅमिन बी द्यावं का? औषध चालू असेपर्यंत बी-1 असलेलं टॉनिक देऊ नये, परजीवीचीच सोय होते. कोर्स संपल्यावर जरूर द्यावं. औषधाचं प्रमाण फार जास्त झालं किंवा ते फार दिवस चाललं तर पिल्लालाच बी-1 कमी पडतं आणि त्याची मान मागे वळून चोच आकाशाकडे लागते.

मिसळण्याचं गणित

साथ जोरात असेल तर अँप्रोलियमचं नेहमीचं प्रमाण पाण्यात 0.024 टक्के असतं, म्हणजे एक लिटरमध्ये 240 मिलिग्रॅम मूळ औषध. हे 3 ते 5 दिवस. त्यानंतर पाव प्रमाण, 0.006 टक्के, एक ते दोन आठवडे. साथ सौम्य असेल तर सुरुवातच 0.012 टक्क्यांनी करतात. पण पाकिटातली सगळी पावडर म्हणजे औषध नसते. 20 टक्क्यांच्या पावडरीत 1 ग्रॅममागे 200 मिलिग्रॅम औषध असतं, म्हणून 240 मिलिग्रॅमसाठी 1.2 ग्रॅम पावडर लागते. 9.6 टक्क्यांचं द्रावण असेल तर तेवढ्यासाठीच 2.5 मिलिलिटर. पाकिटावरचा टक्का न वाचता दुसऱ्याने सांगितलेला चमचा वापरला की मात्रा दुपटीने चुकते. लेबलवर किंवा डॉक्टरांनी वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळावं.

पाणी किती करायचं? पिल्लू वजनाने जेवढं खाद्य खातं त्याच्या साधारण दुप्पट पाणी पितं. अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातीचं चार आठवड्यांचं पिल्लू दिवसाला 25 ते 30 ग्रॅम खातं, म्हणजे 50 ते 60 मिलिलिटर पाणी. अशा 30 पिल्लांना दिवसाला सुमारे 1.8 लिटर लागेल. 2 लिटर करावं, त्यात 20 टक्क्यांची 2.4 ग्रॅम पावडर. उन्हाळ्यात पाणी जास्त लागतं. औषधाचं पाणी रोज सकाळी नवं करायचं आणि त्या काळात दुसरं पाणी कुठेही ठेवायचं नाही.

पाण्यातल्या औषधाची एक मोठी अडचण अशी, की ज्या पिल्लाला औषध सगळ्यात जास्त हवं असतं तेच सगळ्यात कमी पाणी पितं. पेंगणारं पिल्लू भांड्याकडे जातच नाही. त्याला वेगळं काढून हातानेच द्यावं लागतं आणि तिथे मात्रा अगदी बारीक होते. टोल्ट्राझुरिल हे दुसरं औषध घ्या. डॉक्टरांनी ते दर किलो वजनाला 7 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, दोन दिवस सांगितलं, तर 200 ग्रॅमच्या पिल्लाला 1.4 मिलिग्रॅम लागेल. 2.5 टक्के द्रावणात एका मिलिलिटरला 25 मिलिग्रॅम असतात, म्हणजे हवं फक्त 0.056 मिलिलिटर. इतकं कुठल्याच साध्या सिरिंजने मोजता येत नाही. म्हणून 1 मिलिलिटर औषधात 9 मिलिलिटर पाणी मिसळावं. आता एका मिलिलिटरला 2.5 मिलिग्रॅम झाले आणि पिल्लाला 0.56 मिलिलिटर द्यायचं झालं. ते 1 मिलिलिटरच्या सिरिंजवर नीट दिसतं. हे द्रावण मुळात तीव्र असल्यामुळे पातळ न करता चोचीत घालणं तसंही वाईटच. देताना पुन्हा तीच थेंबाथेंबाची पद्धत.

मग सुरुवातीपासूनच अँटिबायोटिक का देऊ नये?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. अँटिबायोटिक जीवाणू मारतं. गंबोरो, राणीखेत, मरेक्स हे विषाणूचे आजार आहेत, त्यांच्यावर ते काही करत नाही. आयमेरिया जीवाणू नाही, त्यामुळे नेहमीची अँटिबायोटिक त्यावरही चालत नाहीत. सल्फा गटातली काही औषधं चालतात, पण पाणी कमी पडलेल्या पिल्लाच्या मूत्रपिंडांना ती त्रास देतात, म्हणून डॉक्टरांशिवाय नकोत. "निदान नुकसान तरी नाही" असं म्हणून दिलेलं अँटिबायोटिक पिल्लाच्या आतड्यातले चांगले जीवाणूही मारतं आणि वाचलेले वाईट जीवाणू त्या औषधाला सरावतात. पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा तेच औषध निकामी ठरतं, कोंबडीसाठीही आणि माणसासाठीही. शिवाय बऱ्याच औषधांनंतर काही दिवस त्या पक्ष्याचं मांस किंवा अंडी खायची नसतात. तो काळ लेबलवर छापलेला असतो आणि तो पाळलाच पाहिजे.

अंदाजाने औषधं बदलत राहण्यापेक्षा मेलेलं एक पिल्लू प्रयोगशाळेत नेलेलं बरं. ते फ्रीजमध्ये गार ठेवावं, बर्फासारखं गोठवू नये, आणि 24 तासांच्या आत पोचवावं. शवविच्छेदनात दहा मिनिटांत जे कळतं ते बाहेरून आठवडाभर पाहूनही कळत नाही, आणि उरलेल्या पिल्लांचा जीव त्यावर अवलंबून असतो.

लसूण, व्हिनेगर असले उपाय पाण्यात घातले तर पिल्लांना पाण्याची चव नकोशी होऊन ती पाणी कमी पिऊ शकतात. आजारी पिल्लाला ते परवडत नाही. रक्ती हगवण सुरू झाल्यावर तर त्यांच्यावर विसंबू नये.

एकच पिल्लू आजारी, तर सगळ्यांना का?

रोगावर अवलंबून आहे. रक्ती हगवणीत सगळ्यांनी एकच गादी टोचलेली असते, म्हणून सगळ्या गटाला औषध द्यावं. जखम झालेल्या किंवा बोटं वळलेल्या पिल्लासाठी सगळ्यांना औषध पाजण्यात अर्थ नाही. वेगळं मात्र प्रत्येक आजारी पिल्लाला काढावं, कारण निरोगी पिल्लं अशक्ताला टोचतात. रोजचं काम आधी निरोगी पिल्लांकडे, शेवटी आजाऱ्याकडे, आणि मग हात साबणाने धुवायचे. वरून ठणठणीत दिसणाऱ्या पिल्लांच्या विष्ठेतही माणसाला आजारी पाडणारा साल्मोनेला जीवाणू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती आजारी पिल्लू देऊच नये.

कधी थांबायचं

ऊब, पाणी आणि योग्य औषध मिळूनही दोन दिवसांत पिल्लू उभं राहत नसेल, गिळत नसेल आणि वजन उतरतच असेल, तर त्याचे हाल लांबवणं त्याच्यावर अन्याय आहे. पशुवैद्यकाला विचारून ते वेदनेशिवाय संपवणं ही काळजीच आहे. हे मान्य करायला जड जातं, पण खोक्यात चार दिवस चिवचिवत मरणं त्याहून वाईट.

पुन्हा कळपात

पिल्लू स्वतः खायला-प्यायला लागलं की लगेच परत सोडायचं नाही. आधी खोक्याचं तापमान रोज एक-दोन अंशांनी उतरवत त्याच्या वयाच्या पिल्लांइतकं आणायचं. तेवढं तापमान सोसून दोन दिवस वजन वाढलं की संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर, सोबत्यांमध्ये सोडावं. त्याआधी गादी बदललेली हवी. नेहमीच्या जंतुनाशकांनी आयमेरियाची अंडी मरत नाहीत. ओली गादी पूर्ण काढून, जागा खरवडून, उन्हात कडक वाळू द्यावी लागते. नवी गादी मुठीत दाबून पाहावी. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे, मोकळी सुटली तर ठीक. पाण्याचं भांडं विटेवर किंवा जाळीवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवलं की सांडणं खूप कमी होतं. शेवटी गुडघे टेकून नाक पिल्लांच्या उंचीवर न्यावं. तिथे डोळ्यांना अमोनिया झोंबत असेल तर गादी पुन्हा बदलावी आणि हवा खेळती करावी, त्यानंतरच पिल्लू आत सोडावं.